पाचचा भोंगा

भाऊजी,

तुमची ट्रंक घरी आली त्याला आज अकरा दिवस झाले, आणि त्यातले पहिले चार दिवस मी तिला हात लावला नाही. स्वयंपाकघरातून बाहेर येताना तिला वळसा घालून यायची. तुमचे दादा बाजेवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "पेटी हाय ते, चावत नाई." आता नवऱ्याला काय सांगणार? लढाईवरून परत आलेला माणूस तो, त्याची बायको पत्र्याच्या पेटीला भिते म्हणजे गंमतच. पण मी भीत होते. तुम्ही आयुष्यात कधी कागद म्हणून फेकला नाहीत, आणि त्या कागदांत एक माझा असणार होता.

सांगूनच टाकते. तुम्ही तीन वर्षं जिला शोधत होता, ती 'एक आई' म्हणजे मी. तुमच्याविरुद्ध साप्ताहिकात पत्र लिहिलं ते मी. यापुढचंही काही सांगायचं आहे, पण त्याला धीर लागेल, तो जमेल तसं लिहिते. दर रविवारी तुम्ही अमरावतीहून अकोल्याला यायचा, पिशवीत संत्री, काखेत वर्तमानपत्रांची गुंडाळी, आणि दारातूनच ओरडायचा, "वहिनी, चहा मांडा, भांडाचं हाय!" मी चहा मांडायची. भांडायचीही, चांगली तोंड सोडून भांडायची. या एका गोष्टीपुरती मात्र माझी जीभ टाळूला चिकटायची.

पाचव्या दिवशी ट्रंक उघडली. वर तुमचा निळा स्वेटर, त्याच्याखाली कागदांचे गठ्ठे. कचेरीतले पाठकोरे कागद, सुतळीनं बांधलेले. एका सिनेमाला दोन कागद. पहिल्याच्या माथ्यावर लिहिलेलं 'सिनेमा', दुसऱ्याच्या माथ्यावर 'माणसं'. ही तुमची रीत बाहेर कुणाला ठाऊक नव्हती, फक्त घरच्यांना होती. प्रत्येक सिनेमा तुम्ही दोनदा पाहायचा. पहिल्यांदा चारचौघांसारखा. दुसऱ्यांदा पार पुढच्या बाकावर, पडद्याकडे पाठ करून, माणसांची तोंडं बघत. दारावरचा माणूस म्हणायचा, "साहेब, सिनेमा तिकडं हाय." तुम्ही म्हणायचा, "मले इकडचा पाहू दे." म्हणून तर साप्ताहिकातल्या तुमच्या सिनेमाच्या सदराखाली 'पाठमोरा' असं नाव घालायचा. वाचणाऱ्यांना वाटायचं, कुणी लाजाळू गृहस्थ असेल. लाजाळू, आणि तुम्ही!

माझ्या भित्रेपणाची तुम्ही पहिल्यापासून थट्टा केलीत. छप्पन साली आपण सगळे नागपूरला दीक्षेला गेलो होतो, बेबी वर्षाची, माझ्या कडेवर. परत निघताना माणसांचा लोंढा अंगावर आला. पळावंसं वाटलं. तुमचे दादा पुढे कुठेतरी होते. तुम्ही माझ्या पुढ्यात उभे राहिलात, दोन्ही हात पसरून, आणि म्हणालात, "वहिनी, गर्दीत पळाचं नाई. उभं राहाचं. गर्दी आपल्यापासून वाट काढते." मी उभी राहिले. खरंच वाट निघाली. ते वाक्य मी पुढं माझ्या वर्गातल्या मुलांना कितीदा सांगितलं असेल, आणि ऐन वेळेला तेच विसरले.

बासष्टचा डिसेंबर आठवतो का? लढाई थांबली असं रेडिओ सांगत होता, आणि दादांचं पत्र दीड महिना नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की मी आत जाऊन मोरीत उभी राहायची. पत्र आलं तर आणि तार आली तर, यातलं काय आधी कळेल त्याची धास्ती. शाळेत पाढे घेताना सतराच्या पाढ्यात अडकायची. तुम्ही रविवारी यायचा, "आलं काय?" एवढं विचारायचा, मी मान हलवायची, आणि मग तुम्ही मुद्दाम एखादा वाद काढायचा. तुम्हालाही भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं नाही. सख्खा भाऊ तुमचा. मला वाटायचं, ह्या माणसाला सिनेमापलीकडे काही नाही.

त्याच महिन्यात आपल्या टॉकीजला मोठ्या हिंदी सिनेमाच्या रिळांची पेटी वेळेवर पोचली नाही, म्हणून मालकानं हाताला लागला तो परदेशी सिनेमा लावला. पडलेल्या घरांचं गाव. सात-आठ वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला पाठुंगळी घेऊन भाकरीसाठी दारोदार हिंडतो. बंदूक एकदाही दिसत नाही. शत्रू कोण तेही सांगत नाहीत. आमच्याकडच्या एका दैनिकानं झोडपला, म्हणे देशावर संकट असताना असली रडगाणी दाखवून लोकांचं धैर्य कशाला खचवता. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं, छायाचित्रण देखणं आहे, परंतु बालकाच्या दुःखाचा सोस फार झाला. आणि तुमच्या शेजारी बसलेली म्हातारी उठताना म्हणाली, "लढाई दाखवली, अन् जिकलं कोन ते सांगतलंच नाई." तुम्ही लेखाची सुरुवात तिच्याच वाक्यानं केलीत. लिहिलंत, की या बाईनं जी समीक्षा केली ती आम्हा लिहिणाऱ्यांना जमली नाही, कारण मुलांच्या उंचीवरून पाहिलं तर लढाईत जिंकणारा दिसतच नाही.

किती सुंदर लिहिलं होतंत! मी ते आठवून पुन्हा वाचलं, आता, ट्रंकेजवळ बसून, आणि डोळे भरून आले. त्या लेखातला तो भोंग्याचा परिच्छेदही वाचला. मुलगा पडक्या भिंतीआडून बाहेर येतो, वर आकाशाकडे बघतो, सगळं चिडीचूप, आणि दुरून एक भोंगा हळूहळू चढत येतो. 'तो पडद्यातून येतोसा वाटतच नाही, आपल्या पाठीमागून येतो, दिग्दर्शकाच्या या करामतीला तोड नाही,' असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी, 'शाळांनी आपल्या मुलांना हा सिनेमा जरूर दाखवावा.'

त्या सिनेमाला तुम्ही दुसऱ्यांदा बसला नव्हता. सोमवारची कचेरी होती, सिनेमा आठवड्याभराचाच, लेख पाठवायची घाई. पहिल्यांदाच असं झालं, की 'माणसं' न बघता तुम्ही लिहून मोकळे झालात.

आमच्या हेडमास्तरांनी लेख वाचला आणि शनिवारी सकाळी साडेदहाचा खास खेळ ठरवला. दुसरी, तिसरी, चौथी. मी माझी चाळीस पोरं रांगेनं नेली. बेबी दुसरीत, माझ्याच वर्गात, माझ्या उजव्या हाताला बसली. मुलं आधी खिदळत होती, मग गप्प झाली, मग अगदीच गप्प झाली. पडद्यावरच्या त्या पोरीचा पाय चिखलात रुतला तेव्हा कुणीतरी "अगं माय" म्हणालं. आणि मग तो भिंतीचा प्रसंग आला. मुलानं वर पाहिलं, मी पत्र्याच्या छताकडे पाहिलं, आणि भोंगा झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, साऱ्या अकोल्याला ठाऊक आहे. अंधारात कुणीतरी 'पळा' म्हणून ओरडलं. शंभरावर मुलं एका दाराकडे धावली. दुसरीतल्या एका मुलीचा हात कोपरापाशी मोडला. बाकीच्यांची ढोपरं फुटली, पाट्या फुटल्या, चपला तर चार दिवस टॉकीजच्या दाराशी पडून होत्या. बाहेर ऊन पडलं होतं आणि शेजारच्या जिनातले, म्हणजे कापसाच्या कारखान्यातले, लोक जेवणाच्या सुट्टीचे डबे घेऊन निवांत बाहेर येत होते. बाराचा भोंगा होता तो, रोजचा.

पंधरवड्यानं त्या पुण्याच्या समीक्षकानं तुम्हाला टोला हाणला. वऱ्हाडातल्या रसिकांना सिनेमात नसलेले आवाजही ऐकू येतात, त्या प्रसंगाला ध्वनी मुळीच नाही, संपूर्ण शांतता आहे. तुम्ही तो अंक घेऊन धावत आलात. आधी टॉकीजवर जाऊन दारावरच्या माणसाला विचारलंत, मग माझ्या चुलीपाशी येऊन बसलात आणि हसत सुटलात. डोळ्यांतून पाणी येईतो हसलात. "वहिनी, जिनाचा भोंगा वो! मी साडेतीनच्या खेळाले बसलो, पाचचा भोंगा झाला. तुमी साडेदहाले बसल्या, बाराचा झाला. दोन्ही खेपा त्याच जागी पडला. अन् मी बावळट, दिग्दर्शकाले शाबासकी देऊन राहिलो!" मग हसू एकदम ओसरलं. म्हणालात, "म्हंजे आपल्या पोराईनं जो सिनेमा पाह्यला, तो जगात दुसऱ्या कोनीच नाई पाह्यला."

मला त्या वाक्याचा राग आला. त्या मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता आणि हा माणूस त्यातही काहीतरी पाहण्यासारखं शोधत होता. पण खरं सांगू? राग वरवरचा होता. आत भीतीच होती, आणि भीतीला कुणावर तरी ढकलायची घाई असते. तुम्ही समोर बसला होतात.

पत्र मी शाळेत बसून लिहिलं, डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. 'मी एक आई आहे. "पाठमोरा" यांनी मुलांना हा सिनेमा दाखवा असं लिहिलं. लिहिण्याआधी त्यांनी एका तरी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं होतं का? माझी मुलगी आता जिनाचा भोंगा वाजला की माझा पदर मुठीत गच्च धरते आणि तो थांबेपर्यंत सोडत नाही. हे नुकसान कोण भरून देणार?' पदराचं खोटं नव्हतं. बेबी खरंच धरायची, बाराला, पाचला, रोज. तिची बोटं पांढरी पडायची. मी तिच्याकडे बघायची आणि मला त्या सिनेमाचा, तुमचा, सगळ्या जगाचा संताप यायचा.

'तोंडाकडे पाहिलं होतं का' हा प्रश्न मात्र मी नेम धरून मारला. तुमची रीत घरच्यांनाच माहीत होती, आणि मी घरचीच होते.

संपादकांनी पत्र ठळक चौकटीत छापलं. मग एकाला पाहून दुसऱ्यानं लिहिलं. कुणी म्हणे, भाऊ सीमेवर असताना हा इथे लढाईविरुद्ध लिहितो, याला लाज नाही. अकोट आणि तेल्हाऱ्याच्या शाळांनी ठरवलेले खेळ रद्द केले. महिन्याभरात तुमचं सदर बंद पडलं. तेवढ्यात दादांचं पत्र आलं, दवाखान्यातून, पायाची दोन बोटं गेली पण बाकी ठीक आहे असं. त्या आनंदात तुम्ही सदराचं दुःख बोलून दाखवलं नाहीत. मीही ते दुःख नसल्यासारखंच धरलं. सोयीचं होतं मला.

तो रविवार मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. तुम्ही माझंच पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलंत. मी भाकरी थापत होते. "ही बाई कोन हाय मले म्हाईत नाई, पन हिनं बरोबर नस धरली." मी भाकरी तव्यावर टाकली आणि बोटं भाजली. तुम्ही म्हणालात, "संपादकाले पत्ता मांगतला, तो म्हने पत्ताच नाई. आता जबाब लिहाचा हाय. तुमी मास्तरीनबाई, शब्द सांगा." आणि मी सांगितले, भाऊजी! मीच लिहिलेल्या पत्राचं उत्तर तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिलंत आणि अडलेल्या जागी मी शब्द पुरवले. 'बाई, तुमचा प्रश्न खरा आहे. मी पाहिलं नव्हतं. माझी चूक झाली. शक्य असेल तर मला एकदा भेटा, आणि तुमच्या मुलीलाही भेटवा, तिची माफी मागायची आहे.' ती मुलगी त्या वेळेस चुलीशेजारी फतकल मारून तुम्हीच आणलेलं संत्रं सोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

तेच तुमचं छापून आलेलं शेवटचं लिखाण.

पुढे तीन वर्षं तुम्ही न छापण्यासाठी लिहीत राहिलात. सिनेमा दोनदा, कागद दोन. बायका रस्त्यात भेटल्या की कान देऊन ऐकायचा, बोलण्याच्या धाटणीवरून 'एक आई' सापडेल म्हणून. मला सांगायचा, "वहिनी, ती बाई भेटली असती तं मी तिले घेऊन सिनेमाले बसलो असतो. अशी मानसं पाह्यजे सिनेमाले." मी म्हणायची, "तुम्हाला दुसरं काम नाही."

पासष्टची लढाई आली तेव्हा माझं पुन्हा तेच झालं. दादा आता घरी होते, लंगडत का होईना. पण विमानाचा आवाज आला की मी अंगणातलं वाळवण टाकून आत यायची. खिडकीच्या काचांना कागद चिकटवले, तुम्ही हसलात, म्हणालात, "अकोल्यावर बॉम्ब टाकाले त्याईले नकाशा कोन देईन?" मग तो हिंदी सिनेमा आला, तुम्हाला मुळीच न आवडलेला. शेवटी लहान मुलगा बापाच्या प्रेतासमोर ताठ उभा राहून सलाम करतो. सगळी टॉकीज उभी राहिली, टाळ्या, शिट्ट्या. सगळ्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. मीही रडले आणि मला बरं वाटलं. तुम्ही एकटेच तोंड पाडून बसलात. म्हणालात, "त्या पोराले कोनी रडू काहून नाई देल्लं?" मी म्हणाले, "रडणारा सिनेमा दाखवला तेव्हा काय झालं ते पाहिलं ना?" केवढं भांडलो आपण! दादा उठून बाहेर जाऊन बसले. तुम्ही मला दारात नेऊन गल्ली दाखवलीत. पोरं कापसाच्या पऱ्हाटीच्या बंदुका करून लढाई खेळत होती आणि बेबीला सारखी मेलेली करत होती. "पाहा," तुम्ही म्हणालात, "या सिनेमानं कोनी भेलं नाई. मले त्याचीच भीती वाटते." मी बेबीला हाक मारली, मातीतून उठवलं आणि तिचा फ्रॉक झटकला. ते भांडण आपण अर्धंच सोडलं. आता सांगते, तुमचं बरोबर होतं. माझंही सगळंच चूक नव्हतं, पण ते सांगायला आता तुम्हीच नाही.

त्याच दिवशी निघताना, चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "मी इतके साल लोकाईची तोंडं पाह्यली वहिनी, एक गोष्ट शिकलो. लहान पोरं पडद्याकडं कमी पाहतात. भेव वाटलं की बाजूच्या मोठ्या मानसाकडं पाहतात. त्याच्या तोंडावर जे असन तेच त्याईच्या तोंडावर येते." मग खाली बघतच विचारलंत, "त्या दिवशी तुमच्या वर्गानं कोनाकडं पाह्यलं वो?"

मी म्हणाले, "मला काय माहीत, अंधार होता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एवढंसंच. मग "बरं, येतो. जयभीम," म्हणून निघालात. त्यानंतर तीन-चारच रविवार आलात आणि मग दवाखानाच. तिथून तुम्ही आला नाहीत, ही ट्रंक आली.

भाऊजी, अंधार होता, पण इतका नव्हता. भोंगा झाला तशी माझी चाळीसच्या चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. पडद्याच्या उजेडात मला ती स्पष्ट दिसली. कुणी रडत नव्हतं, कुणी उठलं नव्हतं. ती फक्त विचारत होती, बाई, काय करायचं? बाईच्या डोळ्यांपुढे दीड महिना न आलेलं पत्र होतं आणि डोक्यावर पत्र्याचं छप्पर. बाई उठली आणि 'पळा' म्हणून ओरडली.

ते कुणीतरी म्हणजे मी. कुठल्याही मुलानं 'पळा' म्हटलं नव्हतं. सिनेमानं काही केलं नाही, तुमच्या लेखानं नाही, भोंग्यानंही नाही. त्या मुलीचा हात मी मोडला, आणि त्याचा दोष तुमच्या माथी मारून मोकळी झाले. चौकशीत हेडमास्तरांनी विचारलं, कोण ओरडलं? मी म्हणाले, पोरांपैकी कुणीतरी असेल. त्या मुलीच्या आईला मी आजही बाजारात दुरून पाहिलं की भाजीचा गाळा बदलते.

ट्रंकेत त्या सिनेमाचे कागद सापडले. पहिला भरगच्च. दुसऱ्याच्या माथ्यावर 'माणसं' लिहिलेलं नव्हतं, 'मुलं' लिहिलं होतं, आणि खाली सगळा कोरा. त्याला टाचणीनं 'एक आई'च्या पत्राचं कात्रण लावलेलं. 'पाहिलं होतं का' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. एकावर एक, दोनदा ओढलेली. आणखी काही नाही. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर तीन वर्षं संत्री कशी आणत राहिलात? आणि कळलं नसेल तर दारात तो प्रश्न का विचारलात? मी तो कागद हातात घेऊन बसले होते. दादा म्हणाले, "काय झालं? कायचा कागद हाय तो?" त्यांनाही मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. मग एवढंच म्हणाले, "मी तिकडं पळालो होतो. तुले कोन काय बोलन?" लढाईबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

परवा बेबी शाळेतून धावत आली. "आई, काकाचा सिनेमा लागला!" तोच. पुन्हा त्याच टॉकीजला, दोन दिवसांसाठी. मी नाही म्हणाले. डोकं दुखतं म्हणाले, परीक्षा जवळ आली म्हणाले. ती दारात उभी राहिली, अकरा वर्षांची झाली आता, तुमच्यासारखीच मान तिरपी करून उभी राहते. "काकानं तं तो दुसऱ्यांदा पाह्यलाच नाई," ती म्हणाली. मग मला नाही म्हणता येईना.

साडेतीनचा खेळ. आम्ही पार पुढच्या बाकावर बसलो. बेबी पडद्याकडे तोंड करून, आणि मी उलटी, पाठमोरी, तुमच्यासारखी. दारावरचा माणूस तोच आहे, केस पिकलेत. म्हणाला, "बाई, सिनेमा तिकडं हाय." मला उत्तर ठाऊक होतं, पण मी नुसती मान हलवली. तुमच्या दादांचं घड्याळ मनगटावर बांधून नेलं होतं. साडेचारपर्यंत कशीबशी बसले. पावणेपाचला घड्याळ पुन्हा पाहिलं. मला ठाऊक होतं की तो जिनाचा भोंगा आहे, रोज वाजतो, त्याच्या वेळेवर माझ्या घरी भात चढतो. तरी मी बाकाच्या कडेशी सरकले. बेबीच्या तोंडावर पडद्याचा उजेड हलत होता. तिचे डोळे मोठे झाले, मग ओले झाले. पाचाला तीन मिनिटं असताना तिनं डोळे न हलवता हात पुढे केला आणि माझा पदर मुठीत धरला. गच्च. बोटं पांढरी पडली.

माझ्या मनात आलं, बघा भाऊजी, अजून भिते ही. तीन वर्षं झाली तरी जात नाही.

भोंगा झाला. मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला. मागच्या रांगेतली काही लहान मुलं आपापल्या आयांकडे वळली, आयांनी काही केलं नाही, मुलं पुन्हा पडद्याकडे वळली. भोंगा उतरला, थांबला. बेबीनं पदर सोडला.

मी वाकून हळूच विचारलं, "भेली का गं?"

"मी?" तिनं डोळे पुसले, पडद्यावरून नजर काढली नाही. "मी काहून भेऊ? जिनाचा हाय ना तो."

"मग पदर का धरलास?"

"तू उठू नये म्हनून," ती म्हणाली. "रोजच तं धरत होती मी. त्या दिवशीबी धरला होता, पन तवा लहान होती ना मी, तू सुटली."

घरी येऊन तुमचा तो कोरा कागद काढला. 'मुलं' या शब्दाखाली तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिलं, उजव्या हातानं, माझ्या नेहमीच्या अक्षरात. आता तो साप्ताहिकाकडे पाठवणार आहे, तुमच्या त्या लेखाचा राहिलेला दुसरा कागद म्हणून, आणि त्याच्याबरोबर 'पळा' कोण म्हणालं तेही. त्याआधी त्या मुलीच्या आईकडे जाऊन येणार आहे. तुम्ही असता तर पुढ्यात हात पसरून उभे राहिला असता. आता उभं राहायचं ते मलाच.

खाली 'एक आई' असं लिहिलेलं नाही. नाव लिहिलं आहे.

तुमची वहिनी,
सुलोचना